मुलांचे डॉक्टर घराची चौकशी का करतात? हवा, पाणी, धूळ आणि मुलांचं आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खोकला झाला म्हणून मुलाला घेऊन जावं, आणि डॉक्टरांनी विचारावं, "घराचा रंग किती जुना आहे? पाणी कुठून येतं? तुम्ही काय काम करता?" बरेच पालक इथे गोंधळतात. काहींना राग येतो. काहींना वाटतं, डॉक्टरांना रोग सापडत नाही म्हणून वेळ काढतायत. मी मुलांचा डॉक्टर आहे आणि हे प्रश्न रोज विचारतो. उलट बाजूनं पालक मला जे विचारतात, त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. एक प्रश्न नव्यानं या कामात आलेल्या डॉक्टरांचा आहे. पालकांनी तोही वाचायला हरकत नाही. डॉक्टर कुठे चुकतात ते कळेल.

आम्ही खोकल्यासाठी आलो. घराची चौकशी कशाला?

कारण मूल दिवसातली दहा मिनिटं माझ्यासमोर असतं आणि बाकीचा सगळा वेळ त्या घरात, पाळणाघरात, शाळेत, रस्त्यावर. तपासणीच्या टेबलावर फुप्फुसाचा आवाज ऐकू येतो, पण चूल, ओल, बुरशी, धूर, शेजारी जळणारा कचरा यांतलं काही ऐकू येत नाही. ते विचारावं लागतं.

प्रश्न साधारण ठरलेले असतात. घर कधीचं, रंगाचे पोपडे निघतात का, नुकतं काही तोडफोडीचं काम झालं का. स्वयंपाक कशावर होतो. घरात कोण ओढतं. पाणी कुठलं. आईवडील काय काम करतात, छंद कोणते. घरात किंवा आसपास कीटकनाशक मारतात का. शिवाय एक प्रश्न मी कधीच वगळत नाही: घरापासून दोन-चार दिवस लांब गेलात की त्रास कमी होतो का? "हो, बाहेरगावी अगदी बरा असतो," एवढ्या एका वाक्यानं कधी कधी पुढच्या चार तपासण्या वाचतात.

एक प्रसंग सांगतो. दोन वर्षांची मुलगी, रक्तात शिसं वाढलेलं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, पण इथे घर नवं, रंग नवा, पाणी तपासलेलं. वडील जुन्या बॅटऱ्यांच्या दुरुस्तीचं काम करायचे. मी विचारलं, "घरी आल्यावर पहिल्यांदा काय करता?" ते म्हणाले, "हिला उचलतो. दारातच उभी असते ना." आणि बोलता बोलता त्यांची नजर स्वतःच्या बाहीकडे गेली. पुढचं मला सांगावंच लागलं नाही. कपड्यांवर, केसांत, बुटांवर शिशाची धूळ घरी येते आणि ती पहिल्यांदा त्याच्याच अंगावर जाते जो धावत येऊन बिलगतो. मी त्यांना उचलू नका असं म्हटलं नाही, दहा मिनिटांनी उचला म्हटलं. कामाचे कपडे शक्य तर कामावरच बदला, बूट दाराबाहेर काढा, घरी येताच अंघोळ करा, ते कपडे वेगळे धुवा. आणि तिला पुन्हा रक्त तपासायला आणा.

त्याच घरात आम्हीही राहतो. आम्हाला काही होत नाही, मग मुलालाच कसं?

हा प्रश्न आला की मी पालकांना एक गोष्ट करायला सांगतो: घरी गेल्यावर मिनिटभर जमिनीवर पालथे झोपा आणि तिथून घर बघा. पलंगाखालची धूळ, भिंतीच्या कडेला पडलेला रंगाचा चुरा, फरशी पुसायच्या रसायनाचा वास. मूल त्या उंचीवर जगतं आणि दिसेल ते तोंडात घालतं.

बाकीची कारणं शरीरातली आहेत. नवजात बाळ मिनिटाला ४० ते ६० वेळा श्वास घेतं, मोठा माणूस १२ ते २०. वजनाच्या हिशेबानं मूल मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेतं, जास्त पाणी पितं, जास्त खातं. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलाचं शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेतं, आणि मुलात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर त्याहूनही जास्त. फुप्फुसातल्या वायुकोशांची वाढ जन्मानंतरही बरीच वर्षं चालू असते, मेंदूची तर असतेच. बांधकाम चालू असलेल्या घरात एक वीट वाकडी बसली तर वरची सगळी भिंत तिरकी जाते. पूर्ण झालेल्या भिंतीला तीच ठोकर फारशी लागत नाही.

डॉक्टर "धोका आहे" म्हणतात तेव्हा नेमकं काय म्हणायचं असतं?

इथे डॉक्टर आणि पालक बऱ्याचदा एकच शब्द वापरून दोन वेगळ्या गोष्टी बोलत असतात. घरात एखादी घातक वस्तू असणं ही एक गोष्ट. ती मुलाच्या अंगात पोहोचणं ही दुसरी. किती पोहोचली आणि किती काळ, ही तिसरी. बंद कपाटातली कीटकनाशकाची बाटली आणि जमिनीवर फवारलेलं तेच कीटकनाशक यांत औषध एकच असलं तरी धोका सारखा नाही. डॉक्टरांनी या तिन्ही गोष्टी सुट्या करून सांगायला हव्यात. नाही सांगितल्या तर तुम्ही विचारा: "हे घरात आहे हे कळलं. ते मुलापर्यंत पोहोचतं कुठून?"

दुसरा घोळ "दुप्पट" या शब्दाचा. समजा, एखादा आजार दहा हजारांत एका मुलाला होतो आणि अमुक गोष्टीमुळे तो दुप्पट होतो, म्हणजे दहा हजारांत दोघांना. बातमीत "धोका १०० टक्के वाढला" असं छापून येईल. ते खोटं नाही, पण रात्रीची झोप उडवायला पुरेसं आहे. म्हणून कुणीही दुप्पट-तिप्पट म्हणालं की विचारायचं: कितीचं किती झालं?

याच्या उलटही खरं आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. काही गोष्टी एकेका मुलाला फार थोडं नुकसान करतात, पण करतात लाखो मुलांना. शिसं त्यातलं. बुद्ध्यांक दोन-तीन गुणांनी घसरला तर एका घरात कुणाच्या लक्षातही येणार नाही. अख्ख्या शहराच्या शाळांमध्ये मात्र मागे पडणाऱ्या मुलांची संख्या वाढलेली दिसते.

रक्तातल्या शिशाचा आकडा ४ आला. विषबाधा झाली का?

हा प्रश्न विचारताना पालकांच्या हातातला कागद थरथरत असतो, म्हणून जरा सविस्तर.

आधी आकड्याचा अर्थ. तो मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असतो, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात किती मायक्रोग्रॅम शिसं आहे ते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं १९९१ मध्ये १० ही काळजीची पातळी ठरवली होती. २०१२ मध्ये ती ५ वर आली आणि २०२१ मध्ये ३.५ वर. या वर्षांत शिसं काही जास्त विषारी झालं नाही. हा ३.५ "याखाली सुरक्षित, यावर विषबाधा" अशी रेघ नाहीच. त्या देशातल्या लहान मुलांत सर्वांत वरच्या अडीच टक्क्यांमध्ये जी मुलं येतात, त्यांच्याकडे आधी लक्ष द्यावं म्हणून काढलेली ती खूण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात ५ किंवा त्यापुढे आकडा आला की शिशाचा स्रोत शोधा आणि तो बंद करा असं म्हटलं आहे. आणि याच संघटनेचं म्हणणं आहे की शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही.

म्हणजे "४ आहे, काळजी करू नका" म्हणणारा डॉक्टरही चुकतोय आणि "विषबाधा झाली" म्हणणाराही. ४ म्हणजे: कुठून तरी शिसं येतंय, ते शोधू या. नमुना बोटाला टोचून घेतला असेल तर शिरेतून रक्त घेऊन पुन्हा तपासू, कारण बोटावरच्या धुळीनंही आकडा फुगतो. मुलाला लोह कमी पडतंय का ते बघू. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा मोजू आणि आकडा कुठे चाललाय ते बघू. शरीरातून शिसं ओढून काढणारी औषधं साधारणपणे ४५ च्या पुढे दिली जातात. ४ ला ती देत नाहीत, आणि दिली तर फायद्यापेक्षा तोटाच.

"पण तो तर अगदी ठणठणीत आहे!" हेही नेहमी ऐकतो. १९७९ मध्ये अमेरिकेतले मुलांचे डॉक्टर हर्बर्ट नीडलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यातलं शिसं मोजलं. त्या मुलांना विषबाधेची कसलीही लक्षणं नव्हती. तरीही ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्यांचे बुद्धीच्या चाचण्यांतले गुण कमी आणि वर्गात लक्ष कमी. तेव्हापासून "लक्षणं नाहीत म्हणजे काही नाही" हे म्हणता येत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात, शिसं ५ किंवा त्याहून जास्त आहे.

राहिलं एक. या एका आकड्यावरून तुमचं मूल पुढे काय होईल हे कुणालाही सांगता येत नाही. वाचून दाखवणं, बोलणं, खेळणं, वेळेवर झोप यांचा मेंदूच्या वाढीवरचा परिणाम चारवर आकडा आलेल्या मुलातही तितकाच मोठा असतो.

पाणी उकळूनच देतो. ते तर सुरक्षित आहे ना?

जंतूंपुरतं, हो. आणि ही अर्धवट समजूत आम्हीच तयार केलेली आहे. "पाणी उकळून द्या" असं वर्षानुवर्षं सांगितलं, ते कशासाठी हे सांगितलं नाही. उकळल्यानं शिसं, आर्सेनिक, नायट्रेट अशी पाण्यात विरघळलेली घातक द्रव्यं जात नाहीत. उलट वाफ होऊन पाणी कमी होतं आणि या गोष्टींचं प्रमाण वाढतं.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असेल आणि बाळ बाटलीतल्या दुधावर असेल तर नायट्रेट तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे ५० मिलिग्रॅमची आहे. त्यापुढे गेलं तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद घटते आणि ओठ, नखं निळसर पडतात. आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. जुने नळ असतील तर प्यायला आणि दूध बनवायला गार पाणीच घ्या, कारण गरम पाण्यात नळातलं शिसं जास्त उतरतं. आणि गाळणी विकत घेण्याआधी पाण्यात काय आहे ते माहीत करून घ्या. प्रत्येक गाळणी प्रत्येक गोष्ट काढत नाही.

मुलाला दमा आहे. हवेबद्दल डॉक्टरांनी आम्हाला काय सांगायला हवं?

लंडनमध्ये एला किस्सी-डेब्रा नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. घर वर्दळीच्या रस्त्याजवळ. तिचा दमा अतिशय गंभीर होता, पुन्हा पुन्हा रुग्णालयात दाखल करावं लागे. फेब्रुवारी २०१३ मध्ये ती गेली. डिसेंबर २०२० मध्ये तिच्या मृत्यूच्या दुसऱ्या न्यायचौकशीत मृत्यूच्या कारणांमध्ये वायुप्रदूषणाची नोंद झाली. पुढच्या वर्षी चौकशी अधिकाऱ्यांनी असे मृत्यू टळावेत म्हणून जो अहवाल दिला, त्यात एक मुद्दा थेट आमच्यासाठी होता: प्रदूषित हवेचे दुष्परिणाम डॉक्टर आणि नर्स रुग्णांना, त्यांच्या घरच्यांना पुरेसे सांगत नाहीत. तिची आई रोझमंड यांचं म्हणणं होतं की हे आधी कळलं असतं तर आपण घर बदललं असतं. हा अहवाल वाचल्यावर मी माझ्या दम्याच्या रुग्णांच्या जुन्या फाइली काढल्या. पंपाची मात्रा प्रत्येकीत होती. घर कुठल्या रस्त्यावर आहे, हे मोजक्याच फाइलींत.

तर सांगायला काय हवं? पहिलं, रोजचं प्रतिबंधक औषध. हवा कितीही वाईट असो, नियमित औषध घेणारं मूल ती जास्त सोसतं, म्हणून "हवा सुधारली, औषध बंद" हे घरच्या घरी ठरवू नका. दुसरं, लेखी योजना: बरं असताना काय, खोकला वाढला तर काय, धाप लागली तर काय आणि कुणाला फोन. तिसरं, हवेचा रोजचा निर्देशांक. पण तो बघताना आकड्यापेक्षा त्यासोबतचा रंग आणि सूचना बघा. प्रत्येक देशाची मोजपट्टी वेगळी असते, त्यामुळे एका ॲपवरचा १५० आणि दुसऱ्यावरचा १५० एकच असेल असं नाही. अतिसूक्ष्म धूलिकण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, त्यांची जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा २०२१ पासून घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे, आधी ती १० होती. जगातली फार थोडी शहरं ती पाळतात, म्हणून "मर्यादेबाहेर" हा शब्द रोज ऐकून घाबरून जाऊ नका. आपल्या मुलाला कुठल्या दिवशी जास्त त्रास होतो ते महिनाभर लिहून ठेवा. तो कागद मला ॲपपेक्षा उपयोगी पडतो.

आणि खेळणं बंद करू नका. खूप वाईट दिवशी पळापळीचे खेळ आत, बाकी दिवशी मोठ्या रस्त्यापासून दूर. हवेच्या भीतीनं वर्षभर घरात कोंडलेलं मूल दुसऱ्याच आजारांकडे जातं.

घरात मुलासमोर कुणीच ओढत नाही. आजोबा गॅलरीत जाऊन ओढतात. चालतं ना?

घरात ओढण्यापेक्षा बरं, पण पुरेसं नाही. धूर दारातून आत येतो आणि कपड्यांवर, दाढीवर, सोफ्यावर बसलेले कण नंतरही मुलापर्यंत जातात. माझी एक सवय सांगतो: हा निरोप मी सुनेच्या किंवा मुलीच्या तोंडून पाठवत नाही. ती सांगणार, घरात वाद होणार, आणि ओढणं चालूच राहणार. मी म्हणतो, "पुढच्या वेळी आजोबांनाच घेऊन या, मला त्यांच्याशी बोलायचंय." नातवासाठी सोडायला तयार झालेले आजोबा मी पाहिलेत. सुनेनं सांगितलं म्हणून सोडणारे पाहिले नाहीत.

हे सगळं ऐकून वाटतं, माझंच काहीतरी चुकलं.

जवळजवळ प्रत्येक आईला वाटतं. वडिलांना कमी वाटतं, याचं कारण मला आमच्या बोलण्यातही दिसतं. "तुम्ही रंगाकडे लक्ष दिलं नाहीत का?" हा प्रश्न आम्ही नेहमी आईकडे बघूनच विचारतो. तोच प्रश्न "त्या घरात रंगाचे पोपडे निघतात का?" असा विचारता येतो. त्यात कुणी आरोपी नसतं.

थोडा इतिहासही उपयोगी पडतो. पेट्रोलमध्ये शिसं घालायला १९२० च्या दशकात सुरुवात झाली. ते घातक आहे हे तेव्हाही सांगणारे लोक होते. तरीही जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, वाहनांसाठी असं पेट्रोल विकणं थांबलं ते २०२१ मध्ये. जवळजवळ शंभर वर्षं ते रस्त्यांवर जळलं आणि मातीत उतरलं. ते कुठल्या आईनं घातलं नव्हतं. घरात करता येण्यासारखं आपण करू, पण जे घराबाहेरून आलंय त्याचा हिशेब आईच्या डोक्यावर मांडणाऱ्या डॉक्टरचं बोलणं मनावर घेऊ नका.

आईच्या दुधातून प्रदूषक जातात असं वाचलं. पाजणं बंद करू?

नाही. काही अंश सापडतात हे खरं, पण स्तनपानाचे फायदे त्याहून खूप मोठे आहेत. अपवाद फार थोडे. उदाहरणार्थ, आईच्या रक्तातलं शिसं डेसिलिटरमागे ४० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून वर असेल तर ते खाली येईपर्यंत दूध काढून टाकायला सांगतात. असं काही असेल तर डॉक्टर तुम्हाला स्पष्ट सांगतील. बातमी वाचून ठरवू नका.

केस तपासून शरीरातले सगळे धातू सांगतात आणि मग "शरीरशुद्धी" करतात. करून घेऊ का?

करू नका. केसांची अशी तपासणी एकेका मुलाच्या उपचारासाठी भरवशाची नाही, कारण केसांवर शाम्पू, धूळ, पाणी सगळ्यातलं काही ना काही बसतं. आधी शरीरातून धातू ओढून काढणारं औषध देऊन मग लघवीतले धातू मोजणं तर आणखी फसवं: औषधानं धातू बाहेर पडणारच, आणि ज्याच्याशी तुलना करायची असा मानक आकडाच नाही. म्हणजे प्रत्येकाचा अहवाल "वाढलेला" येतो. सोयीचं आहे.

यात जीवही गेले आहेत. २००३ ते २००५ या काळात अमेरिकेत अशा औषधानंतर रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरून तीन मृत्यू झाल्याची नोंद तिथल्या रोग नियंत्रण केंद्रानं केली. त्यातली दोन मुलं होती. कुणी महागड्या तपासणीचा आग्रह धरला तर एवढंच विचारा: "अहवाल काहीही आला तरी तुम्ही वेगळं काय करणार?" आणि तपासणी करणारा आणि औषध विकणारा एकच असेल तर उठून या.

डॉक्टर म्हणाले, "याबद्दल अजून नक्की सांगता येत नाही." मग गेलो कशाला?

असं म्हणणाऱ्या डॉक्टरकडे पुन्हा जा. सूक्ष्म प्लास्टिकचंच घ्या. ते माणसाच्या रक्तात, आईच्या पोटातल्या वारेत (प्लासेंटात) सापडलंय हे खरं. ते मुलाला नेमकं काय करतं याचं उत्तर अजून तयार व्हायचंय. या दोन वाक्यांतलं पहिलंच सांगणारा घाबरवतो, दुसरंच सांगणारा झोपवतो.

पण "नक्की नाही" यावर संभाषण संपायला नको. पुढचा प्रश्न असा: थांबण्यापेक्षा आत्ताच करावं असं काही सोपं आहे का? अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१८ मध्ये सांगितलं की अन्न किंवा दूध प्लास्टिकच्या भांड्यात मायक्रोवेव्हमध्ये गरम करणं टाळा, शक्य तिथे काच किंवा स्टील वापरा. उद्या संशोधन उलट निघालं तरी काचेच्या भांड्यानं कुणाचं नुकसान होणार नाही. अशा गोष्टी आजच कराव्यात. घरातलं सगळं सामान फेकून नवं आणणं हे त्यात बसत नाही.

डॉक्टर घाईत असतात. विचारायचं कसं?

एकच प्रश्न घेऊन जा, चार नको. वस्तूबद्दल असेल तर डब्याच्या लेबलचा फोटो काढून न्या, "ते निळं औषध" यावरून आम्हाला काही कळत नाही. भिंतीची ओल, चुलीची जागा, खिडकीबाहेरचा रस्ता यांचेही फोटो चालतात. आणि शेवटी हे विचारा: "आमच्या घरात पहिली एक गोष्ट कुठली बदलू?" डॉक्टरांना क्रम लावायला भाग पाडणारा याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही.

(नव्या डॉक्टरांकडून) मी सगळं सांगतो, तरी पुढच्या भेटीत काहीच झालेलं नसतं. काय चुकतं?

"सगळं सांगतो" हेच. घाबरलेल्या माणसाच्या कानावर शब्द पडतात, आत जात नाहीत. दहा सूचनांतली एकही घरी पोहोचत नाही.

दुसरी चूक, न झेपणारा सल्ला. "घर बदला," "नोकरी बदला." बोलणाऱ्याचं कर्तव्य संपतं आणि ऐकणाऱ्याच्या हातात अपराधी भावना उरते. आधी विचारा की घर तुमचं की भाड्याचं, भिंतीला हात लावायची परवानगी कुणाची.

तिसरी सगळ्यात धोक्याची, अर्धा सल्ला. मीही तो दिलाय. "जुना रंग काढून टाका," एवढंच सांगितलं. त्या उत्साही बापानं सुट्टीच्या दिवशी खोलीत सँडपेपर घेऊन कोरडा रंग घासला, मूल शेजारच्या खोलीत. घरभर पांढरी धूळ. पुढच्या तपासणीत आकडा खाली यायच्या ऐवजी वर. त्याचं काहीच चुकलं नव्हतं, त्यानं माझं ऐकलं होतं. आता मी सांगतो: कोरडं घासायचं नाही, जाळायचं नाही. काम माहीतगार माणसाकडून, आणि तेवढे दिवस मूल आणि गरोदर बाई दुसरीकडे. तोवर पोपड्यांवर चिकटपट्टी लावा किंवा समोर कपाट सरकवा, फरशी आणि खिडकीच्या कडा ओल्या फडक्यानं पुसा, झाडू मारू नका, जेवायच्या आधी हात धुवा.

आणि निघताना "कळलं ना?" असं विचारू नका. "कळलं"च म्हणतात. मी म्हणतो, "मी नीट सांगितलं का ते बघायचंय. घरी आजींना काय सांगाल?" आजींसाठीचं ते वाक्य ऐकलं की माझं कुठे चुकलं ते लगेच समजतं.

ताबडतोब काय करायचं, असे प्रसंग कोणते?

घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखतंय, मळमळतंय, आणि आत शेगडी, गीझर किंवा जनरेटर चालू आहे: हे कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूमुळे असू शकतं. त्याला वास नसतो. सगळे बाहेर मोकळ्या हवेत या, मग फोन.

पाऱ्याचा थर्मामीटर फुटला: मुलांना खोलीबाहेर काढा, खिडकी उघडा. झाडू नको, व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नको, त्यानं पारा हवेत उडतो. जाड कागदानं थेंब एकत्र करून झाकणाच्या बरणीत भरा, आणि बरणी कचऱ्यात टाकू नका.

मुलानं कीटकनाशक किंवा सफाईचं रसायन प्यायलं: उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालयात. आणि ही रसायनं पेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीच भरून ठेवू नका.

कडक ऊन: बाबागाडीवर जाड कापड टाकू नका, आत भट्टी होते. बंद गाडीत पाच मिनिटंही मूल ठेवू नका.

आमच्या एका घरानं बदल करून काय होणार? हवा-पाणी तर सगळ्यांचंच खराब आहे.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचं पाणी एप्रिल २०१४ मध्ये नदीवरून यायला लागलं. पाण्याला रंग होता, वास होता, लोक तक्रारी करत होते आणि अधिकारी पाणी ठीक आहे म्हणत होते. मोना हॅना-अटीशा या तिथल्या मुलांच्या डॉक्टर. त्यांनी वेगळं संशोधन उभारलं नाही. नेहमीच्या तपासणीत मुलांच्या रक्तातलं शिसं मोजलेलं होतंच, त्या नोंदी त्यांनी पाणी बदलण्याआधीच्या आणि नंतरच्या अशा समोरासमोर ठेवल्या. ५ किंवा त्याहून जास्त आकडा असलेली मुलं २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेली होती. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांनी हे पत्रकारांसमोर मांडलं. आधी त्यांच्यावर घबराट पसरवल्याचा आरोप झाला, मग सरकारनं आकडे मान्य केले आणि ऑक्टोबरमध्ये पाण्याचा जुना स्रोत पुन्हा जोडला गेला.

त्यांच्या हातात होतं ते एकेका घरानं आणलेल्या मुलाचं एकेक बोट, एकेक नोंद. म्हणून तुमच्या मुलाचा अहवाल "नॉर्मल" आला तरी फाइलमध्ये आकडा लिहून घ्यायला सांगा, पत्त्यासकट.